म्युनिकचे संगणक, मराठीतल्या फाइली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली. त्या तारखेनंतर मायक्रोसॉफ्टकडून या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. पुढची आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, घ्यायची तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर लागतो. तालुक्याच्या पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, वकिलाच्या टेबलावर आठ-दहा वर्षं बिनतक्रार चाललेली यंत्रं या अटीत बसत नाहीत. त्यांचा पडदा, हार्ड डिस्क, कीबोर्ड सगळं धड आहे. पत्रं टाइप होतात, पावत्या छापल्या जातात. तरी ती मोडीत काढायची वेळ आली आहे.

अशा वेळी लिनक्स या दुसऱ्या प्रणालीचं नाव निघतं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधनं तिला येऊन मिळाली. ती कुणालाही उतरवून घेता येते, तपासता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते आणि जुन्या यंत्रावरही चालते. पण आपल्याकडे ही चर्चा ‘फुकट आहे’ इथून सुरू होते आणि ‘आपल्या लोकांना जमणार नाही’ इथे संपते. मला ही दोन्ही टोकं चुकीची वाटतात. फुकट ती नाहीच, कारण वाचलेला पैसा माणसांवर खर्च करावा लागतो. आणि लोकांना जमण्या-न जमण्यावर हे प्रयोग फारसे अडलेलेही नाहीत. ते कशावर अडले हे पाहायचं तर एका जर्मन शहराची गोष्ट नीट वाचायला हवी.

म्युनिक ही बव्हेरियाची राजधानी. २००० नंतरच्या वर्षांत तिथल्या महापालिकेत १४,००० च्या आसपास संगणक होते आणि त्यांवर विंडोज एनटी ४ चालत होती. तिची मुदत संपत आली होती, म्हणजे प्रश्न आजच्यासारखाच होता. पालिकेने पर्यायांचा अभ्यास करवून घेतला. लिनक्सकडे कल दिसू लागल्यावर मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला आले. कंपनीने किंमत बरीच खाली आणली. तरीही मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी त्यावर शिक्कामोर्तब केलं. या निर्णयात स्वस्ताई पहिल्या क्रमांकावर नव्हती, हे आपल्याकडे सांगितलंच जात नाही. एकाच पुरवठादाराने ठरवलेल्या तारखेला, त्याने ठरवलेल्या किमतीला आपण दर काही वर्षांनी मान तुकवायची का, हा त्यांचा प्रश्न होता. शहराच्या कारभाराचा ताबा शहराकडे असावा, असं त्यांनी ठरवलं.

प्रकल्पाचं नाव लिमक्स. प्रत्यक्ष बदल २००६ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यातच उघड झालं की म्युनिकमध्ये ‘महापालिकेचे संगणक’ अशी एक गोष्ट नव्हतीच. वीसहून अधिक विभागांचे वीसहून अधिक संगणककक्ष होते. प्रत्येकाची मांडणी वेगळी, पासवर्डची पद्धत वेगळी, छपाईची व्यवस्था वेगळी. जन्मनोंदणीवाल्यांचे वर्डमधले नमुने एक, बांधकाम परवान्यांचे दुसरे. त्या नमुन्यांत कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले मॅक्रो होते, म्हणजे एक बटण दाबलं की नाव, पत्ता, जावक क्रमांक आपोआप भरणाऱ्या छोट्या आज्ञावल्या. त्या लिहिणारी माणसं निवृत्त झाली होती आणि आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही कामांसाठीचे खास प्रोग्रॅम विंडोजखेरीज चालतच नव्हते.

मला या साऱ्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम इथेच दिसतं, आणि ते लिनक्सचं नाहीच. पालिकेच्या लोकांनी आपले नमुने एकेक करून उघडले, त्यांतले दुबार काढून टाकले, जे मॅक्रो समजत नव्हते ते नव्याने लिहिले. या खटाटोपातून त्यांनी वोलमक्स नावाचं साधन तयार केलं. ओपनऑफिस या खुल्या ऑफिस-संचाला जोडून चालणारं हे साधन पत्राचा मथळा, विभागाचं नाव, सहीचा अधिकार, अर्जातली रिकामी जागा हे सगळं एका ठिकाणाहून सांभाळतं. २००८ मध्ये पालिकेने ते सर्वांसाठी खुलं केलं. कारकुनाच्या रोजच्या कामातून उगवलेलं आणि पालिकेने स्वतः घडवलेलं सॉफ्टवेअर जगाला मोकळं मिळावं, ही गोष्ट मला त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या घोषणेपेक्षा जास्त आश्वासक वाटते.

वेळ मात्र फार लागला. २००४ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटच्या युरोपीय वादामुळे काम काही काळ थांबलं. प्रणालीचा पाया बदलला: सुरुवातीला डेबियन, नंतर उबुंटू; या दोन्ही लिनक्सच्याच आवृत्त्या. संपायची तारीख पुढे पुढे गेली. अखेर २०१३ च्या शेवटी १४,८०० च्या आसपास संगणक लिमक्सवर आले. दरम्यान २०१२ मध्ये ऊडे यांनी नगरसभेला सांगितलं की पालिकेचे एक कोटी युरोंहून अधिक वाचले. मायक्रोसॉफ्टसाठी एचपीने केलेल्या अभ्यासाने याच्या अगदी उलट निष्कर्ष काढला. असे आकडे कशाकशाला खर्च म्हणायचं यावर वळतात, म्हणून मी त्यांच्यावर फार भिस्त ठेवत नाही.

२०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले. त्यांनी आणि उपमहापौर योसेफ श्मिड यांनी लिमक्सबद्दल उघड नाराजी दाखवायला सुरुवात केली. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्याच: बाहेरून आलेल्या वर्डच्या फाइलीतले तक्ते विस्कटतात, छपाई अडते, काम सावकाश होतं. त्यांतल्या किती लिनक्समुळे होत्या आणि किती विस्कळीत व्यवस्थेमुळे, हे वेगळं काढायची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली. पालिकेनेच सल्लागारांकडून २०१६ मध्ये अहवाल मागवला. विभागाविभागांत वाटली गेलेली जबाबदारी आणि रखडणारे निर्णय हेच मोठं दुखणं आहे, असं त्यात निघालं. पालिकेच्या स्वतःच्या संगणकसेवेच्या प्रमुखांनीही जाहीर सांगितलं की लिनक्स सोडायला कोणतंही सबळ तांत्रिक कारण दिसत नाही. तरी २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्या परतीचा अंदाजित खर्चच जवळपास पाच कोटी युरो होता. त्याआधीच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आलं होतं. या दोन घटनांचा संबंध अनेकांनी जोडला, पालिकेने तो नाकारला. मला त्या संशयात शिरायचं नाही. तो धरून बसलं की खरं कारण नजरेआड होतं.

खरं कारण असं की म्युनिकने दोन अवघड कामं एकाच झेंड्याखाली सुरू केली. वीस विभागांची घडी एक करणं हे एक काम आणि संगणकाची प्रणाली बदलणं हे दुसरं. पहिल्या कामात दुखणं होणारच होतं, कारण प्रत्येक विभागाची स्वतःची सत्ता जात होती. पण कर्मचाऱ्याच्या पडद्यावर चित्र दिसत होतं ते लिमक्सच्या बोधचिन्हातल्या पेंग्विनचं. त्यामुळे जे जे दुखलं ते त्या पेंग्विनच्या नावावर जमा झालं.

शेजारच्या फ्रान्समध्ये याच काळात हेच काम झालं, पण वेगळ्या तऱ्हेने. तिथल्या जांदार्मरी या राष्ट्रीय पोलीसदलात लाखभर माणसं आहेत आणि खेडोपाडी ठाणी आहेत. त्यांनी २००५ मध्ये फक्त एक गोष्ट बदलली: ऑफिसचा संच. विंडोज तशीच, वर्डच्या जागी ओपनऑफिस. २००६ मध्ये ब्राउझर आणि मेल बदलले, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आले. शिपायाचा हात या तीन गोष्टींवर बसल्यानंतर, २००८ पासून, खालची विंडोज काढून उबुंटू बसवायला सुरुवात झाली. त्यांच्या आवृत्तीचं नाव जेंडबुंटू. जो प्रोग्रॅम काल उघडत होता तोच आज उघडतो आहे, मग खाली काय बदललं याची चिंता ठाण्यातल्या माणसाने का करावी? घाईही केली नाही. बरेच संगणक जुने झाले तसे नवे आले आणि नव्यांवर उबुंटू आली. जून २०२४ मध्ये दलाच्या ९७ टक्के, म्हणजे एक लाखाहून जास्त संगणकांवर जेंडबुंटू होती. लष्करी शिस्तीचं, एका आज्ञेने चालणारं दल असल्याचा त्यांना फायदा झाला, हे खरंच. महापालिकेला ती सोय नसते. पण आधी हाताखालचं, मग पायाखालचं, हा क्रम कुणालाही उचलता येतो.

व्हिएन्नाची गोष्ट याहून लहान आहे आणि मला ती सतत आठवते. तिथल्या पालिकेने लिनक्स ऐच्छिक ठेवली होती. बालवाड्यांतल्या शेकडो संगणकांवर ती आली. मग मुलांची भाषाचाचणी घेणारा एक प्रोग्रॅम आला, जो फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचा. २००८ मध्ये त्या एका प्रोग्रॅमपायी ते संगणक विंडोजकडे परत गेले.

आज युरोपात हा विषय पुन्हा तापला आहे, आणि या खेपेला कारण सार्वभौमत्वाचं आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० कर्मचाऱ्यांसाठी लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस-संचाचा निर्णय घेतला. मेलची व्यवस्था पुढच्या वर्षी बदलली आणि लिनक्सचा टप्पा त्यानंतरचा ठेवला. हा जांदार्मरीचाच क्रम आहे. आपल्याला मात्र सार्वभौमत्वाचं हे कारण समजायला युरोपात जायची गरज उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. कंपनी भारतात नोंदलेली, मुख्य कार्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनारला. भागभांडवलात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा वाटा. निर्बंध भारताचे नव्हते, तरी अमेरिकन कंपनी असलेल्या मायक्रोसॉफ्टने तिच्या मेल आणि इतर सेवा बंद केल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण मधल्या दिवसांत भारतातल्या एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचाच पत्रव्यवहार उघडता येत नव्हता. केंद्र सरकारला या धोक्याची जाण आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण २०१५ चं आहे. सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेने डेबियनवर उभारलेली बॉस लिनक्स २००७ पासून आहे. संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली माया ही प्रणाली आणल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या.

मग आपल्या मराठी कार्यालयात काय अडतं? मला विचाराल तर सगळ्यांत आधी अडतो तो फाँट.

गेल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्रातली अगणित कार्यालयीन पत्रं, ठराव, इतिवृत्तं, नोटिसा, मतदारयाद्यांचे मसुदे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आयएसएम अशा साधनांनी टाइप झाले. यांतल्या जुन्या फाँटांमध्ये फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं रोमन अक्षर आणि फाँट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांचा असतो. फाँट असेल तर ‘मराठी’ दिसतं, नसेल तर काहीच कळत नाही. ही फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली, मोबाइलवर उघडली की अर्थ जातो. ग्रामपंचायतीच्या वीस वर्षांच्या ठरावांत एखाद्या गट नंबरच्या मालकाचं नाव शोधायचं म्हटलं तर संगणक ते शोधू शकत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे ते नाव नाहीच. ही आपली स्मृती आहे. ती आपल्याच कपाटात, आपल्याच पैशाने घेतलेल्या यंत्रात आहे, आणि तरी आपल्या हाती नाही. लिनक्स घ्या किंवा घेऊ नका, या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरच साठवणाऱ्या पद्धतीत, आणण्याचं काम कुठल्याही कार्यालयाने आता टाळता कामा नये. रूपांतराची साधनं आहेत. ती जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, म्हणून शेजारी बसून वाचणारा माणूस लागतो. हा खरा खर्च, आणि तो करण्याजोगा आहे.

युनिकोडमध्येही मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत, ते जाणून असलेलं बरं. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका तऱ्हेने टाइप केलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर बऱ्याच प्रोग्रॅमांना सापडत नाही. म्हणून कार्यालयाने एकच कीबोर्ड ठरवावा. इनस्क्रिप्ट या कीबोर्डचा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात आहे, तो विंडोजवरही मिळतो आणि लिनक्सवरही. टंकलेखनाच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना तो सुरुवातीला जड जातो. नव्याने शिकणारा मात्र लवकर रुळतो, कारण स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची रचनाच सरळ आहे. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी मराठीतली ‘गमभन’ पद्धतही लिनक्सच्या कीबोर्डसंचात येते.

आणि मराठी नीट दिसावी यासाठी या प्रणालीवर फार मन लावून काम झालं आहे. लोहित ही अक्षरमाला रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून वर्षानुवर्षं सांभाळली गेली. मराठीत ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की लोहित देवनागरी मराठी वळणाचे ल आणि श दाखवते. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्त हा फाँट खुल्या परवान्यावर आहे. तो कार्यालयीन पत्रासाठी उत्तम दिसतो. लिब्रेऑफिसला मराठी शुद्धलेखन-तपासणी जोडता येते. तिच्यामागचा शब्दसंग्रह स्वयंसेवकांनी गोळा केलेला आहे. ज्यांनी पगाराशिवाय हे केलं त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत, आणि ती असायला हवी होती.

फाँटनंतर यंत्रांची पाळी. आपल्या कार्यालयांत कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे छोटे प्रिंटर इतके पसरले आहेत की लिनक्सचं भवितव्य पुष्कळदा त्यांच्यापाशीच ठरतं. दोन्ही स्वस्त, कारण छपाईचा बराचसा हिशेब ते संगणकाकडून करून घेतात. त्यामुळे त्यांना स्वतःचा खास ड्रायव्हर लागतो. १०२० ला लिनक्सवर एचपीचा वेगळा पूरक भाग उतरवून घ्यावा लागतो. २९०० जास्त हट्टी आहे. पहिल्याच दिवशी पावती छापली गेली नाही तर साहेब दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीत. तेव्हा प्रिंटर आधी तपासावा. तीच गोष्ट डिजिटल सहीच्या टोकनची. निविदा आणि विवरणपत्रं त्या पेनड्राइव्हसारख्या कांडीवर अडून असतात. टोकन देणाऱ्याकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे घेण्यापूर्वी विचारावं. आणि टॅली विंडोजसाठीच बनते, हे मान्य करून टाकावं. हिशेबनिसाचा एक संगणक विंडोजवर राहिला म्हणून काही बिघडत नाही. सगळं एकदम शुद्ध करायच्या हट्टाने अनेक चांगले प्रयत्न बुडाले आहेत. बाकीची परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे, कारण शासनाचं ई-ऑफिस, बँकांची आणि करखात्याची बहुतेक कामं आता ब्राउझरमध्ये होतात. ब्राउझर सगळीकडे सारखाच असतो.

त्यानंतर उरतो तो माणूस. संगणक बंद पडला की तालुक्याच्या गावी ज्याला फोन लावतात तो संगणकवाला विंडोज जाणतो. त्याने लिनक्स पाहिलेलीच नसते. यात त्याचा दोष नाही. आपण शिकवलंच तसं. सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून महाराष्ट्राने २००१ पासून लाखो लोकांना संगणक शिकवला, ही मोठीच गोष्ट. पण तो शिकवला प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आधाराने. त्याच सुमाराला केरळने आयटी@स्कूल सुरू केलं. काही वर्षांत शाळांतला संगणक पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आणला, हजारो शिक्षकांना आधी तयार केलं आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच घेतली. आज काईट या संस्थेमार्फत ते काम चालू आहे. सरकारं बदलली तरी ते मोडलं नाही, कारण गावोगावी ते जाणणारी माणसं होती. आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून दर तालुक्याला अशी चार मुलं निघाली तरी पुरेत. परवान्यापोटी बाहेर जाणारा पैसा त्यांच्या हाती पडेल.

दहा-बारा संगणकांच्या पतसंस्थेला किंवा शाळेला मी जे सुचवेन ते असं. यंत्रांना इतक्यात हात लावू नका. पहिले काही महिने विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरा. रोज लागणारे पंधरा-वीस नमुने, म्हणजे कर्जमागणी अर्ज, बोनाफाइड दाखला, सभेची नोटीस, जामीनदाराचं पत्र, नव्याने आणि युनिकोडमध्ये बांधा. ते ओडीएफ या खुल्या स्वरूपात ठेवा. त्याला २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा, म्हणजे समोरच्याकडे तक्ता विस्कटणार नाही. ज्या एक्सेल फाइलींत मॅक्रो आहेत त्यांची यादी करा आणि ते लिहिणारा माणूस अजून कामावर असेल तर त्याच्याकडून समजून घ्या. मग आवक-जावकच्या टेबलावरचा, विंडोज ११ न पेलणारा एक जुना संगणक निवडा आणि त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवा. त्या टेबलावरच्या माणसाची संमती आधी घ्या. त्याला काय अडतं ते वहीत लिहायला सांगा आणि वहीतली प्रत्येक नोंद सुटल्याखेरीज दुसऱ्या यंत्राकडे वळू नका. मार्चअखेरीच्या धावपळीत यातलं काही सुरू करू नये. एप्रिलचा दुसरा पंधरवडा बरा.